क्षेत्रफळाचा रकाना

शोलाकांदी उपजिल्हा एका पानात मावला पाहिजे,
असं ढाक्याहून आलेल्या कागदावर म्हटलंय.
उत्तरेला काय, दक्षिणेला काय,
युनियन किती, मौजे किती, डोकी किती, त्यात बायका किती,
नळकूप, मशिदी, देवळं, साक्षरता.
गुरुवारी दुपारच्या आत.

बाकीचं भरलं मी.
पश्चिमेला ‘नदी’ लिहिताना हात अडखळला नाही,
पश्चिमेला नदीच आहे.
फक्त मागच्या वेळी लिहिलं तेव्हा ती
हाटखोल्याच्या शाळेपलीकडे होती,
आणि आता शाळेची घंटा
आमच्या कचेरीच्या व्हरांड्यात टांगलीय;
जेवणाची सुट्टी झाली की शिपाई रोस्तम ती वाजवतो.

क्षेत्रफळ तेवढं उरलं.
जुन्या पुस्तकात आकडा आहे,
दशांशचिन्हापुढे दोन घरं.
ती दोन घरं तरी अजून शाबूत आहेत.

अमीन हारेज मिया फाल्गुनात साखळी घेऊन गेला होता.
खुंटी ठोकली, टपरीवर चहा घेतला,
परत आला तर खुंटी नाही,
टपरीवालाही सामान बांधत होता.
‘मी एका टोकानं मोजतो,’ हारेज म्हणाला,
‘ती दुसऱ्या टोकानं.’

जनगणनेला मी स्वतः फिरलो बांधावरून.
पत्र्याची खोपटं, एकाच्या पाठीला दुसऱ्याची पाठ,
दारावर खडूनं क्रमांक.
एकशे बारा नंबरला मोयमुना बेवा
तागाच्या काड्या निवडत बसलेली.
गाव?
‘पूब निशिंदा.’
चाची, पूब निशिंदा चौदा वर्षांपूर्वी गेलं.
‘जाईल कुठं? आहे तिथंच आहे.
वर पाणी आलंय.’

मग तिनं उशीतून खताची पिशवी काढली,
पिशवीतून पिशवी, तिच्यातून पावत्या:
दाग क्रमांक चारशे सतरा, एक बिघा तीन काठा,
दरवर्षीचा खजिना भरलेला.
तहसीलचा कारकून घेत नाही म्हणतो, मग घेतो.
लेक गाझीपूरला कपड्यांच्या कारखान्यात,
फोनवर ओरडतो, आई, पैसे पाण्यात घालतेस.
‘पाण्यातच घालते,’ ती म्हणाली,
‘पण माझ्या पाण्यात.’

तीस वर्षांत जमीन वर आली तर तिची, असा कायदा आहे.
चौदा गेली, सोळा राहिली.
वयाच्या रकान्यात मी लिहिलं: अंदाजे सत्तर.

बांध पाणी खात्याचा. तिथं कुणी राहत नाही,
म्हणजे कागदावर.
तिथं धरली तर अतिक्रमण,
पूब निशिंद्यात धरली तर
यंत्र म्हणतं, असा मौजा नाही.
तीनदा म्हणालं. चौथ्यांदा मी
शेजारच्या मौज्यात तिला ढकलली,
सोबत आणखी दोनशे सहा डोकी.
त्या मौज्याची लोकसंख्या दुपटीनं वाढली;
ढाक्याहून विचारणा आली, कारण कळवा.
कळवलं: जन्म.

काल घाटावर गेलो होतो, आकडा मनात घेऊन.
शुकचांद माझी पलीकडून रिकामा येत होता.
मध्येच त्यानं लांब बांबू खाली सोडला,
उचलला, पुन्हा सोडला.
काही बोलला नाही.
मी विचारलं, लागतंय का?
‘तीन हात,’ तो म्हणाला, ‘मागच्या साली पाच होतं.
कुणाला सांगू नका, लाठ्या घेऊन येतील.’

आज गुरुवार.
निर्वाही अधिकारी मॅडम नव्या आहेत, राजशाहीकडच्या,
कोरड्या भागातल्या.
पान वाचून म्हणाल्या, हे क्षेत्रफळ बरोबर आहे ना?
मी म्हटलं, जुन्या पुस्तकातलं आहे.
सही झाली. खाली तारीख.

बाहेर रोस्तमनं घंटा दिली,
आणि खजिन्याच्या खिडकीपाशी
पिशवी छातीशी धरलेली मोयमुना बेवा
शाळा सुटल्यासारखी दचकली.